आधी व्हेसुव्हियस, मग पॉम्पेई : आईला घेऊन केलेला एक दिवस

इटलीत नेपल्सला गेलेले बहुतेक लोक आधी पॉम्पेई हे राखेखाली गाडलं गेलेलं जुनं रोमन गाव बघतात आणि वेळ उरलाच तर व्हेसुव्हियस या ज्वालामुखीवर जातात. मला हा क्रम पटत नाही. हातात एकच दिवस असेल तर सकाळी डोंगर चढावा, जेवावं आणि मग गावात शिरावं. ज्या डोंगराने ते गाव गाडलं त्याच्या तोंडाशी उभं राहून गाव कुठे होतं, किती लांब होतं, वारा कुठून होता हे एकदा बघून घेतलं, की खालच्या प्रत्येक भिंतीचा अर्थ लागत जातो.

मी आणि आई मे महिन्यात हा दिवस करून आलो. आई सदुसष्ट वर्षांची, जालन्याला शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, डावा गुडघा दुखरा आणि खाण्याच्या बाबतीत कडक शाकाहारी. घरच्या मोठ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

ही दोन्ही ठिकाणं स्वतःची स्वतः करता येतात. नेपल्सहून सर्कुमव्हेसुव्हियाना नावाची लोकल सुटते, ती पॉम्पेईच्या प्रवेशद्वाराजवळच उतरवते. डोंगरासाठी त्याच लाईनवर अलीकडे एरकोलानोला उतरून बस धरावी लागते. एकटी असते तर मी हेच केलं असतं. पण दोन्हीकडची वेळेची तिकिटं, मधल्या बसगाड्या आणि आईचा गुडघा हे सगळं एका दिवसात बसवणं म्हणजे तिची फरफट झाली असती. म्हणून बस आणि गाईडसह दिवसभराची टूर घ्यायचं ठरवलं.

टूर निवडताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट खोदून विचारली : व्हेसुव्हियसचं तिकीट पैशात धरलंय की नाही? वर फाटकापाशी तिकीटखिडकी नाही. तिकीट ऑनलाइनच काढावं लागतं आणि ते ठरावीक वेळेचं असतं. काही टूरवाले बस देतात, तिकीट मात्र तुमचं तुम्ही काढा म्हणतात, आणि हे अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. दुसरं विचारायचं ते गाईडबद्दल. पुष्कळ टूरमध्ये गाईड फक्त पॉम्पेईत भेटते, डोंगरावर तुम्हाला वाहनतळावर सोडून दीड तासाने या म्हणतात. आम्हाला वरही सोबत येणारी गाईड हवी होती, त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजले आणि ते वसूल झाले. तिसरं, वाट बंद असली तर काय? वादळवारा असेल तर वाट बंद ठेवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये डोंगराला वणवा लागला तेव्हाही ती बंद करावी लागली होती. अशा वेळी पैसे परत देणार की बदल्यात दुसरं काही दाखवणार, हे ईमेलवर लेखी घेतलं.

नावाचंही सांगते. पॉम्पेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजार लोकांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं, सोबत ओळखपत्र लागतं. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि मग आडनाव असा लांबलचक प्रकार असतो. बुकिंग करताना पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न अक्षर तसंच भरलं. पाठीवर मोठी सॅक घेऊन पॉम्पेईत आत सोडत नाहीत, तेव्हा एक लहानशी पिशवी, त्यात पाणी, टोपी, विंडचीटर आणि आईने घरून बांधून आणलेले धपाटे, एवढंच सामान.

सकाळी नेपल्सच्या मुख्य रेल्वे स्टेशनसमोरून बस निघाली. शहर संपतच नाही. डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणि पायथ्याच्याही वर घरं, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, लिंबाची झाडं, टोमॅटोचे मळे. गाईडने सांगितलं की सरकारने ज्याला 'लाल पट्टा' ठरवलंय त्यात २५ गावं-शहरं येतात आणि सहा-सात लाख माणसं राहतात. ज्वालामुखी जागा होण्याची चिन्हं दिसली तर ७२ तासांत सगळ्यांना बाहेर काढायचा आराखडा तयार आहे. कोणत्या गावाने इटलीच्या कोणत्या प्रांतात जायचं हेसुद्धा ठरलेलं आहे. गाईड स्वतः त्याच पट्ट्यात वाढलेली. तिच्या गावाचा प्रांत कोणता, हे तिने आपला पत्ता सांगावा तसं सांगितलं.

पुढे रस्ता वळणावळणाने वर जातो. बाजूला २०१७ च्या वणव्यात जळालेल्या पाईनचे काळे खुंट, आणि त्यांच्या मधून पिवळ्याधमक फुलांची झुडपं. वाटेत व्हेसुव्हियसची वेधशाळा लागते. १८४१ साली स्थापन झालेली ही जगातली सगळ्यात जुनी ज्वालामुखी वेधशाळा. डोंगरावरची देखरेख आता नेपल्समधून होते.

बस साधारण १००० मीटर उंचीवर सोडते. शिखर आहे १२८१ मीटर, पण वाट शिखरावर न जाता विवराच्या खालच्या कडेपर्यंतच जाते. म्हणजे खरा चढ बसच चढते आणि आपल्या वाट्याला दीडेकशे मीटर उरतात. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे ऐकून काहीच वाटणार नाही, पण वाट घसाऱ्याची आहे. रुंद आहे, कडेला लाकडी कठडा आहे, पण पायाखाली सगळा काळा-तांबूस मुरूम. पाऊल पुढे टाकावं तर थोडं मागे येतं. पहिला टप्पाच सगळ्यात उभा, तो संपला की पुढे सोपं होतं. सुरुवातीला लाकडी काठ्या मिळतात, त्यातली एक आईला घेऊन दिली. तळव्याला खाचा असलेले बूट हवेतच. चपला-सँडलवर आलेल्यांचे हाल डोळ्यांनी पाहिले.

आईला मी एकच सांगितलं, "पूर्ण पाऊल टेकव, घाई करू नको, आणि बोलू नको." पहिल्या दोन गोष्टी तिने पाळल्या. सावली अजिबात नाही, ऊन चटका देतं आणि वारा मात्र गार, त्यामुळे विंडचीटर काढ-घाल करावं लागतं. तरुण मंडळी वीस-पंचवीस मिनिटांत वर पोचली, आम्हाला त्याच्या दुप्पट लागली. गाईडने निघतानाच गटाला सांगून ठेवलं होतं की ज्याने त्याने आपल्या चालीने यावं, ती सगळ्यात मागच्या माणसाबरोबर असेल. ती आईबरोबरच होती.

मध्ये दम खायला थांबलो तिथे लाव्ह्याच्या एका खडकावर राखाडी-पांढरी बुरशीसारखी लव वाढलेली होती. आई वाकली, बोट फिरवलं आणि म्हणाली, "अगं, हे दगडफूल!" तिचं बरोबर होतं. आपल्या गोड्या मसाल्यात जातं ते दगडफूल म्हणजे लायकेन, आणि हेही लायकेनच. जात वेगळी, पण प्रकार तोच. गाईडने सांगितलं की लाव्हा थंड झाल्यावर त्यावर सगळ्यात आधी हेच उगवतं, हळूहळू दगड झिजवून माती तयार करतं आणि मग तिच्यात झुडपं धरतात. पुढे उतरताना मी मुद्दाम बघत आले. नागडा दगड, त्यावर ही लव, आणि तिच्या शेजारी इवलंसं हिरवं पान, तिन्ही एकाच खडकावर होती.

मग एकदम कडा येतो आणि आत पोकळ. विवर साधारण साडेचारशे मीटर रुंद आणि तीनशे मीटर खोल आहे. लाल, राखाडी, पिवळट थरांच्या भिंती, तळाशी दरड कोसळून साचलेली दगडमाती. लाव्हा वगैरे काही दिसत नाही, पण भिंतीतून दोन-तीन ठिकाणी वाफ वर येत होती. वारा पडला की गंधकाचा वास येई. शेवटचा उद्रेक मार्च १९४४ चा. दुसरं महायुद्ध चालू होतं, दोस्तांचं सैन्य नेपल्समध्ये होतं. लाव्ह्याने सान सेबास्तियानो गावातली घरं गिळली आणि पायथ्याच्या धावपट्टीवर उभी असलेली दोस्तांची कितीतरी बाँबफेकी विमानं राखेने आणि तापलेल्या दगडांनी निकामी झाली. त्यानंतर हा डोंगर गप्प आहे.

सह्याद्रीत आपण जो कातळ तुडवतो तोही लाव्हाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो थरावर थर पसरत गेला, म्हणून आपल्याकडे असा एकटा सुळका आणि त्याला तोंड असा प्रकार बघायला मिळत नाही. वर्षानुवर्षं गडकिल्ल्यांवर काळा कातळ बघितल्यावर मी पहिल्यांदाच त्याचा उगम असा उघडा बघत होते. तो भाग मी आईला समजावून सांगितला, आणि तिने मला पुढचा भाग सांगितला.

कारण कड्यावरून दक्षिणेला पाहिलं की दहाएक किलोमीटरवर पॉम्पेई दिसतं. घरांच्या गर्दीत मोकळा, मातकट ठिपका. पश्चिमेला, अगदी पायथ्याशी, एरकोलानो, म्हणजे जुनं हर्क्युलेनियम. जवळचं गाव हर्क्युलेनियम असताना दगडांचा पाऊस लांबच्या पॉम्पेईवर का पडला? त्या दिवशी वारा आग्नेयेकडे वाहत होता. इसवी सन ७९ मध्ये राख-दगडांचा खांब तीसेक किलोमीटर वर गेला आणि वाऱ्याने तो पॉम्पेईवर झुकवला. कित्येक तास तिथे हलके, सच्छिद्र दगड बरसत राहिले, छपरं कोसळली. हर्क्युलेनियमवर त्यातलं फारसं काही पडलं नाही, पण रात्री खांब ढासळला आणि उकळत्या वायूचा नि राखेचा लोंढा थेट उतारावरून त्या गावात घुसला. पॉम्पेईत जे मागे राहिले होते त्यांना हाच लोंढा दुसऱ्या दिवशी सकाळी गाठून गेला. खाडीपलीकडे मिसेनमला १७ वर्षांचा धाकटा प्लिनी, पुढे लेखक म्हणून गाजलेला रोमन, हे बघत होता. त्याचा मामा आरमारप्रमुख, तो लोकांना सोडवायला जहाजं घेऊन गेला आणि किनाऱ्यावरच मेला. प्लिनीने पुढे इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रांत त्या ढगाला छत्रीसारख्या पाईनच्या झाडाची उपमा दिली आहे. आईने ही पत्रं वर्गात वाचून दाखवली होती. गाईड इंग्रजीत सांगत होती, आई मराठीत, आणि मी मध्ये उभी राहून वारा गालावर कुठून लागतोय ते बघत होते.

उतरताना गुडघ्याला जास्त त्रास होतो. टाच रोवून, काठी पुढे टेकवून, नागमोडी उतरलो. वर कड्यावर स्वच्छतागृह नाही, ते सगळं खालीच उरकून घ्यावं.

जेवण पायथ्याला, टूरमध्येच धरलेलं. शाकाहाऱ्यांनी नीट ऐका : इटलीत चीज घट्ट करायला पुष्कळदा वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, त्यामुळे जे हे काटेकोर पाळतात त्यांनी पिझ्झा मार्गेरिता गृहीत धरू नये. नेपल्सची मारिनारा मागवावी. तिच्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल, चीज नाहीच. त्याच डोंगराच्या राखेच्या जमिनीतला टोमॅटो असतो, आंबटगोड आणि दाट. आईने अख्खा पिझ्झा संपवला, वर धपाट्याचा तुकडा गाईडला दिला. गाईडने तो ऑलिव्ह तेलात बुडवून खाल्ला आणि पुन्हा मागितला.

दुपारी पॉम्पेई. १७४८ पासून खोदकाम चालू आहे आणि अजून एक तृतीयांश गाव मातीखालीच आहे. दोन-अडीच तासांत सगळं बघणं शक्य नाही आणि त्याचा हट्टही धरू नये. रस्ते म्हणजे लाव्ह्याचे मोठाले फरसबंद दगड, त्यांत बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल की आईचं पाऊल अर्धं आत गेलं. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड बसवलेले आहेत, म्हणजे सांडपाण्यात पाय भिजायला नकोत आणि गाडीची चाकंही दोन दगडांमधून जावीत. गुडघे दुखणाऱ्यांना हे रस्ते डोंगरापेक्षा जड जातात. ॲम्फीथिएटरकडच्या प्रवेशद्वारापासून 'सगळ्यांसाठी पॉम्पेई' म्हणून सपाट केलेला मार्ग आहे, व्हीलचेअरही जाते. गाईडला आधी सांगून ठेवलं होतं, तिने शक्य तिथे आम्हाला त्या मार्गाने नेलं. प्यायच्या पाण्याचे नळ जागोजागी आहेत, बाटली भरून घेता येते.

फोरम म्हणजे गावाच्या मुख्य चौकात पोचलो तेव्हा ज्युपिटरच्या देवळाच्या उरलेल्या खांबांमागे बरोब्बर व्हेसुव्हियस उभा. सकाळी आम्ही जिथे उभ्या होतो तो कडा इथून दिसत होता. आमच्या गटातले सगळे आपोआप तिकडे वळले आणि बोटाने वाट दाखवू लागले. आधी डोंगर करा म्हणते ते यासाठी. नुसतं पॉम्पेई बघणाऱ्यांना तो फोटोतला मागचा डोंगर असतो.

पुढे एका ठिकाणी अजून न उकरलेल्या जमिनीचा उभा काप दिसतो. तळाला पांढरट खडे, वर राखाडी खडे, आणि त्यावर घट्ट बसलेली राख. टाचा घासायच्या वजरीसारखे भोकाभोकांचे हलके दगड, एकेक सुपारीएवढा. सगळा थर मिळून माणसाच्या डोक्यावरून जाईल इतका. इथे गाईड काही बोलली नाही, फक्त बोट थरांवरून खालून वर नेलं. पहिल्या संध्याकाळी इथवर, रात्री इथवर, सकाळी हे. एकही खडा उचलायचा नाही, हे तिने सुरुवातीलाच बजावलं होतं.

राखेत दबलेली शरीरं कुजून गेली तरी त्यांच्या आकाराची पोकळी राहिली. १८६३ मध्ये जुझेप्पे फियोरेल्ली याने त्या पोकळीत प्लास्टर ओतायची पद्धत सुरू केली. 'पळून जाणाऱ्यांची बाग' म्हणतात तिथे असे तेरा जण एका ओळीत पडलेले आहेत, त्यांत मुलंही आहेत. लोक तिथे काचेला नाक लावून फोटो काढतात. आईने मला फोन पिशवीत ठेवायला सांगितला आणि मी ठेवला.

एक गोष्ट तिला फार आवडली. पाठ्यपुस्तकांत उद्रेकाची तारीख २४ ऑगस्ट छापलेली असते आणि तिनेही वर्षानुवर्षं तीच शिकवली. २०१८ मध्ये इथे एका भिंतीवर कोळशाने खरडलेली ओळ सापडली, तिच्यावरची तारीख आपल्या हिशोबाने १७ ऑक्टोबर येते. कोळशाचं लिखाण फार टिकत नाही, म्हणून ते त्याच वर्षीचं आणि उद्रेक त्यानंतरचा असं बरेच अभ्यासक मानतात, जरी सगळ्यांना ते पटलेलं नाही. कुणाच्या तरी एका ओळीने इतक्या जुन्या तारखेवर प्रश्नचिन्ह लावलं, हे ऐकून तिचा चेहरा खुलला. तिथेच वहीत लिहून घेतलं.

मग मुख्य रस्त्यावरून चालताना गाईडने विचारलं, "तुम्ही भारतातून ना?" आणि एका साध्या घराच्या दिशेने हात केला. १९३८ मध्ये तिथे एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, जेमतेम वीतभर उंच, दागिन्यांनी मढलेली स्त्री, दोन बाजूंना दोन सेविका. पॉम्पेईची लक्ष्मी म्हणून ती प्रसिद्ध आहे, जरी अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. गाईडचं वाक्य पूर्ण होण्याआधी आई म्हणाली, "भोकरदन." मग मला, "सांग तिला इंग्रजीत नीट." मी सांगितलं : जालना जिल्ह्यात आमच्या गावापासून तास-दीड तासावर भोकरदन आहे, सातवाहनांच्या काळातलं भोगवर्धन. तिथल्या उत्खननात आणि मराठवाड्यातच तेरला याच घडणीच्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाल्या. म्हणून ही मूर्ती आमच्या भागात घडली असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्द्यांच्या टिपणांत तेर आणि पैठणचा माल भडोच बंदरात येतो असं लिहून ठेवलं आहे. तिथून तांबडा समुद्र, इजिप्त आणि मग हे गाव. गटातले सगळे ऐकत उभे राहिले. आईने मग मराठीतच पुढे दहा मिनिटं सांगितलं आणि मी भाषांतर करत राहिले. गाईडने वेळेची आठवण केली नाही.

मूर्ती पॉम्पेईत नाही, नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, आणि तिथेही 'गुप्त दालन' नावाच्या वेगळ्या विभागात. त्यामुळे टूरच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ मोकळी ठेवा. संग्रहालय मंगळवारी बंद असतं, आणि त्या दालनाच्या वेळा आधी विचारून घ्या. आम्ही गेलो. मूर्तीच्या डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे, म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या फर्निचरचा पाया असावी. वेणी आणि पाठीवरचे दागिनेही तितक्याच निगुतीने कोरलेत, तेव्हा काचेच्या मागच्या बाजूनेही नक्की बघा. आई तिथे बराच वेळ होती. आता ती तेरला चल म्हणून मागे लागली आहे. तिथल्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाई तिने इतकी वर्षं वर्गात शिकवली, पण प्रत्यक्ष बघितलेली नाही. दिवाळीनंतर जायचं ठरलं आहे.